गट नंबर १२९

बाबांची मागणी साधी होती. टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरचा आवाज जुन्या रेडिओसारखा कान पिळून कमी-जास्त करता यावा, आणि शेजारी एक लाल बटण असावं, दाबलं की सगळं बंद. माऊसचा बाण त्यांना सापडत नाही; सापडलाच तर थांबत नाही.

"दोन तासांचं काम," मी म्हणालो. माझी अशी वाक्यं आई तारखेसकट लक्षात ठेवते.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून प्रो मायक्रो नावाचं बोटभर बोर्ड आणलं. त्यातली एटीमेगा ३२यू४ चिप यूएसबीला जोडली, की 'मी कीबोर्ड आहे' असं बेधडक ठोकून देते. सोबत एका फेऱ्यात २० वेळा टिकटिक करणारा रोटरी एन्कोडर, म्हणजे पिळायचं गोल बटण. हे सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसवलं. डबा भोकं पाडण्यासाठी नसतो, यावर आईचं भाषण झालं ते वेगळंच.

यूएसबीच्या तक्त्यात प्रत्येक कळीला आकडा असतो; 'आवाज कमी' म्हणजे १२९. पाठवला. आवाज ढिम्म. तासाभराने कळलं, की आर्डुइनोच्या, म्हणजे असल्या बोर्डांसाठीच्या, तयार कोडमध्ये (कीबोर्ड लायब्ररीत) १२९ म्हणजे डावी शिफ्ट! म्हणजे इतका वेळ मी नुसताच कॅपिटलमध्ये गप्प होतो.

मग लायब्ररी बदलली. घाईत टिकटिकीला लाल बटणासाठी लिहिलेलाच कोड चिकटवला. आकडा तोच, १२९. बाबा बातम्या ऐकत होते. निवेदक फार ओरडतोय म्हणून त्यांनी गोल बटण डावीकडे जरासं पिळलं. निवेदक गेला, चॅनेल गेलं, पडदा काळा झाला.

"झाला की कमी," आई म्हणाली.

रात्री तक्ते घेऊन बसलो. यूएसबी म्हणजे एक कचेरीच आहे. अक्षरांची खिडकी ७ नंबरची. आवाज आणि गाणी १२ नंबरच्या खिडकीवर. कॉम्प्युटर बंद करायचा तर १ नंबर. आणि १२९ म्हणजे ७ वर 'आवाज कमी', तर १ वर थेट 'बंद करा'. त्यातही ७ वरचा आवाजाचा अर्ज मंजूर होईलच असं नाही. तो १२ वरच द्यावा. मी डोकं धरून हे बाबांना ऐकवलं.

बाबा निवृत्त तलाठी. त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

"१२९ गट नंबर प्रत्येक गावात असतो रे. तू गाव न बघता फेरफार केलास. आणि सात आणि बारा म्हणतोस, तर हा सातबाराच झाला की!"

तीस वर्षं ज्यांनी लोकांना 'उद्या या' म्हटलं, त्यांना यूएसबी दोन मिनिटांत कळलं.

१२ नंबरच्या खिडकीवर २३३ म्हणजे वाढव, २३४ म्हणजे कमी कर. चाललं! फक्त कळ 'दाबली' एवढंच मी कळवत होतो. 'सोडली' हे कळवायचं राहिलं होतं. कॉम्प्युटर बिचारा दाबलेली समजून आवाज वाढवतच राहिला. रात्रीचे अकरा, साबणाची जाहिरात, आणि वायर उपटायला टीव्हीच्या मागे घुसलेला मी. खालच्या मजल्यावरच्या काकू सकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा "कुठला साबण वापरता?" एवढंच म्हणाल्या.

आता आवाज लोण्यासारखा वर-खाली होतो. लाल बटणही शिस्तीत काम करतं. बाबांनी एकदा दाबलं, सगळं बंद झालं. पुन्हा दाबलं. काही नाही.

"चालू कसा करायचा?"

कॉम्प्युटर बंद असताना आमच्या खिडकीवर अर्ज घ्यायला कोणी बसलेलंच नसतं. चालू करायचा तर मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवाव्या लागतात. कॅबिनेटवरचं बटण नेमकं तेवढंच करतं. तिथून दोन वायरी काढून श्रीखंडाच्या डब्यापर्यंत आणता येतील, मी म्हणालो. दोन तासांचं—

आईने कॅलेंडरकडे पाहिलं. बाबांनी खुर्चीतूनच पाय लांब केला, कॅबिनेटच्या बटणावर अंगठा टेकवला, आणि निवेदक पुन्हा ओरडू लागला.