‘घराण्यातच आहे’ म्हणून स्थळ नाकारायचं?

तलावपाळीच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो संद्याच्या चुलतभावाच्या लग्नावरून. मुलगी पसंत, पत्रिका जुळलेली, आणि ऐन वेळी काकांनी नकार कळवला. कारण, मुलीच्या आईला डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत.

"घराण्यातच आहे ते. उद्या पोरांत उतरलं तर?" संद्या म्हणाला.

प्राची पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ती उसळलीच. "तुमच्याकडे तीन पिढ्या डायबेटिस आहे. तुला कुणी मुलगी देऊ नये का?"

"विषय बदलू नकोस. आनुवंशिक आहे की नाही?"

"आहे. आईवडिलांना असेल तर धोका दोन-तीन पट होतो. पण जुळ्यांच्या अभ्यासांचा २००० साली आढावा घेतला, तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३७ टक्के निघाला. म्हणजे शंभरात ३७ पोरांना होणार असं नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा जनुकांमुळे."

मीही बोललो. डिप्रेशनचं असं एक जनुक नाहीच. २००३ साली सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा केवढा गाजावाजा झाला होता. २०१९ च्या मोठ्या पडताळणीत ते टिकलं नाही. २०२५ च्या जागतिक अभ्यासात जनुकीय फरकांच्या सुमारे ७०० जागा सापडल्या, एकेकीचा परिणाम अगदी बारीक. त्यातले थोडेफार आपल्या सगळ्यांतच असणार, काकांतसुद्धा.

मंदार इतका वेळ गप्प होता. "माझ्या मामाच्या घरात कुणालाच काही नव्हतं. हेपॅटायटिस सीसाठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली आणि हसता-खेळता माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. मामीला वाटलं, आपलंच काही चुकलं. कोर्स संपला, तसा हळूहळू सावरला."

इंटरफेरॉन हा आपल्याच प्रतिकारशक्तीचा निरोप्या. ते औषध घेणाऱ्या बऱ्याच जणांना डिप्रेशन येतं, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. ताप आला की जेवण नको, माणसं नकोत असं होतं ना? तेही अशाच निरोपांमुळे. शिवाय, अन्नातल्या ज्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून सेरोटोनिन बनतं, ते शरीर अशा वेळी दुसरीकडे वळवतं.

"मग रक्त तपासून कळेल?" संद्याने विचारलं. आता त्याचा आवाज उतरला होता.

"नाही रे," प्राची म्हणाली. "सीआरपी म्हणजे शरीरात सूज असल्याचं दाखवणारं रक्तातलं प्रथिन. डिप्रेशनच्या पावएक पेशंटांत ते तीनच्या वर, म्हणजे वाढलेलं सापडतं, बाकीच्यांत नाही. आणि वजन, सिगरेट, साधा संसर्ग, कशानेही ते वाढतं. सूज कमी करणारं सांधेदुखीचं एक औषध साठ जणांवर वापरून पाहिलं, २०१३ साली निकाल आला. एकूण फरक नाही पडला. ज्यांचं सीआरपी जास्त, त्यांना थोडा फायदा दिसला. एवढंच."

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या घराने आजार लपवला नाही, उपचार घेतले, पाहुण्यांना स्वतःहून सांगितलं. आणि नेमकी त्याचीच शिक्षा? अशाने पुढचं घर गोळ्या लपवेल किंवा बंदच करेल.

संद्याने मान हलवली. "काका माझं ऐकायचे नाहीत. प्राची, रविवारी येशील कळव्याला?"

"येते. पण नकार दिलाय तो त्यांनीच फोन करून मागे घ्यायचा, मध्यस्थाकडून नाही."