‘रोज दहा किलोमीटर पळवा, आपोआप शांत होतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मॅलिनॉइज या कुत्र्याच्या जातीवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवणं क्रूरपणा आहे. खाऊ देऊन काम करून घेणं म्हणजे लाच. घरात आजोबांपासून कारवानी जातीचे कुत्रे होते, त्यांना असलं काही लागलं नाही. आगाऊपणा केला तर दोन फटके पुरतात, आणि रोज सकाळी मोटरसायकलबरोबर दहा किलोमीटर पळवलं की कुत्रा आपोआप शांत होतो. मात्र शेवटी तुम्हीच लिहिलंय की तुमचा १४ महिन्यांचा नर उसाच्या ट्रॉलीवर झेप घेतो आणि घरात पोरांच्या पायांना दात लावतो. म्हणजे दहा किलोमीटर पळूनही या दोन्ही गोष्टी सुरूच आहेत.

तालमीत रोज शंभर जोर मारणाऱ्या पोराला काही महिन्यांनी शंभर जोरांनी दम लागत नाही, त्याला दोनशे लागतात. मॅलिनॉइजचंही तसंच होतं. पळवून तुम्ही त्याचा दमसास वाढवता, पण थांबायला कुठंच शिकवत नाही. उलट गाडीचा वेग, वारा आणि आवाजानं तो पेटतो, आणि घरी आल्यावरही कितीतरी वेळ तसाच राहतो. त्यात या वयात लांब हाडांच्या टोकांची वाढ अजून पुरती थांबलेली नसते. मोठ्या चणीच्या कुत्र्यांत ती साधारण १२ ते १८ महिन्यांपर्यंत चालते. डांबरावर एका लयीत रोज आदळणं त्या सांध्यांना परवडत नाही. उन्हाळ्यात तर हा प्रकार सरळ धोक्याचा आहे. गाडीला बांधलेला कुत्रा स्वतःहून थांबू शकत नाही आणि ही जात दमली तरी कामातून मागं हटत नाही. कुत्र्याचं तापमान एरवी ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. तसं झालं तर अंगभर थंड पाणी ओतायचं, पंखा लावायचा आणि पाणी ओततच डॉक्टरांकडं न्यायचं. रस्त्यावर हाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवून धरता येत नसेल, तर त्या रस्त्यावर पंजेही नकोत.

पळवण्याऐवजी सकाळी ३०-४० मिनिटं लांब पट्ट्यावर सोडून त्याला मनसोक्त हुंगू द्या. दिवसात तीन-चार वेळा ५ मिनिटांचं शिकवणं ठेवा. बाकीचा वेळ झोप. वाढ झालेल्या कुत्र्याला दिवसरात्र मिळून १२ ते १४ तास झोप लागते. हा प्राणी ती स्वतःहून घेत नाही, म्हणून किरकिरा होतो आणि आपल्याला वाटतं त्याला अजून पळायचंय.

कारवानीचा दाखला मला मनापासून आवडला, कारण फरक तिथंच कळतो. कारवानी, ज्याला पलीकडं कर्नाटकात मुधोळ म्हणतात, तो नजरेनं शिकार धरणारा. ससा दिसला की सुसाट सुटतो, एरवी ओसरीवर पाय ताणून दिवस काढतो. मॅलिनॉइज मूळचा बेल्जियमचा मेंढपाळी कुत्रा, पुढं पोलिसांच्या आणि लष्कराच्या कामासाठी निवडत निवडत घडवलेला. निवड कशाची केली? पकड न सोडण्याची, आणि काम संपलं तरी आणखी मागण्याची. पाहणं, रोखून बघणं, दबा, पाठलाग, पकड या शिकारीच्या पायऱ्यांपैकी शेवटच्या दोन त्याच्यात फार जोरकस आहेत. त्या करण्यातच त्याला मजा येते, वेगळं बक्षीस लागत नाही. म्हणून आजोबांच्या कारवानीला जे पुरलं ते याला पुरणार नाही. त्यात दोष ना तुमचा, ना कुत्र्याचा.

आता ट्रॉली. हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर लोंबणारे वाढे, स्पीकरवर गाणी. या कुत्र्यासाठी यापेक्षा मोठं आमिष नाही. तो भुंकत झेप घेतो आणि ट्रॉली निघून जाते. ती कारखान्याला चाललीय हे त्याला ठाऊक नसतं, त्याच्या लेखी ती त्यानं हाकललेली असते. प्रत्येक झेप यशस्वी, म्हणून प्रत्येक वेळी सवय आणखी घट्ट. त्यामुळं पहिलं काम : सहा आठवडे रोजच्या फिरण्यासाठी तो रस्ता पूर्ण बंद. वस्तीतल्या आतल्या गल्ल्या, मोकळं रान, काहीही चालेल, पण सरावाबाहेर ट्रॉली दिसता कामा नये.

सराव शेताच्या बांधावरून, रस्त्यापासून ८० ते १०० मीटरवर. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घाला आणि १० मीटरचा लांब पट्टा त्या हार्नेसला लावा. गळपट्ट्याला लावलात तर झेपेच्या शेवटी सगळा झटका मानेवर येतो. नायलॉनची दोरी हात कापते, हातमोजे घाला. ट्रॉली दिसली, कुत्र्यानं तिकडं पाहिलं, की त्याच क्षणी ‘हां!’ म्हणा आणि खाऊ स्वतःच्या पायाशी द्या. त्याला तुमच्याकडं वळावंच लागेल. पाहणं आणि झेपावणं यांच्यामधला एक-दोन सेकंदांचा वेळ पकडायचा आहे. कान पुढं, तोंड मिटलेलं, अंगाचा भार पुढच्या पायांवर अशी चिन्हं दिसली की तो वेळ संपत आला. खाऊ नाकारला तर तुम्ही फार जवळ आहात, निमूटपणे २० मीटर मागं या. तिथं ओरडण्यानं काही साधत नाही. एका वेळी ८-१० ट्रॉल्या पुरेत. दहापैकी आठ वेळा ट्रॉली पाहून तो स्वतःच तुमच्याकडं वळायला लागला की १० मीटर पुढं सरका. मधे एखादा दिवस बिघडतोच, तेव्हा मागच्या अंतरावर जा. संध्याकाळच्या रंकाळा तलावावर, भेळेच्या गाड्या आणि गर्दीत, हा सराव सुरू करू नका. ती जागा शेवटची.

खाऊबद्दल तुमची अर्धी गोष्ट खरी आहे. हातात तुकडा नाचवत बोलावलं तर कुत्रा तुकड्याकडं येतो, तुमच्याकडं नाही. म्हणून खाऊ कमरेच्या पिशवीत, हात रिकामा, आधी काम, मग ‘हां!’, मग हात पिशवीत. उकडलेल्या कोंबडीचे बिनमिठाचे तुकडे किंवा पनीर, हरभऱ्याएवढे. रोजच्या जेवणातला निम्मा वाटा असाच संपवा म्हणजे वजनही वाढत नाही. रश्श्यातलं मटण मात्र कधीच नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

आणि खरं सांगायचं तर याच्यासाठी खाऊपेक्षा ओढाओढी मोलाची. तागाचा किंवा जाड कापडाचा, तुमच्या हातभर लांबीचा टग, म्हणजे ओढाओढीचं खेळणं, घ्या. ‘घे’ म्हटल्यावरच त्यानं धरायचं. मिनिटभर जोरात खेळा, मग टग मांडीला टेकवून घट्ट धरा, दुसऱ्या हातानं गळपट्टा धरा आणि पूर्ण गप्प राहा. टग मेला की मजा संपते, आणि तो सोडतो. सुरुवातीला दोन मिनिटंही लागतील. सोडल्या क्षणी ‘हां! घे!’ म्हणून खेळ पुन्हा सुरू. इथंच बहुतेक लोक चुकतात : सोडल्याबरोबर टग काढून घेतात. मग कुत्रा शिकतो की सोडलं की खेळ संपतो, आणि पुढच्या वेळी जबडा आणखी आवळतो. ‘सोड’ पक्कं झालं की हाच शब्द उद्या चपलेला, पोराच्या विजारीला लागू पडतो.

फटक्यांबद्दल मी ठाम आहे. पेटलेल्या मॅलिनॉइजला मारलं की तो विझत नाही, आणखी पेटतो आणि जे जवळ असेल त्याला धरतो. ते बहुधा मारणाऱ्याचं मनगट असतं, नाहीतर शेजारचं पोर. आणि गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं नाही.

पिंजऱ्याबद्दल तुमचा राग समजतो, कारण दिवसभर कोंडलेले कुत्रे आपण सगळेच बघतो. ते मलाही मान्य नाही. दिवसा सलग तीन-चार तासांपेक्षा जास्त नको, आणि शिक्षा म्हणून तर नकोच. उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढा हवा. वारा खेळता राहील अशा बेतानं वरून चादर घाला, पत्र्याखाली ठेवू नका. पहिले चार दिवस दार उघडं ठेवून फक्त जेवण आत. मग जेवेपर्यंत दार लावा, मग ५ मिनिटं, १५, ३०. लाळ गाळत, दात मोडेस्तोवर गज ओढत असेल तर ती घबराट आहे, तिथंच थांबा. तशा कुत्र्याला घडी घातलेलं गोणपाट द्या, ‘जागा’ हा शब्द ठेवा. त्यावर शांत पडला की दर थोड्या वेळानं एक तुकडा पंजांमधे हळूच ठेवा. फेकू नका, फेकलं की उठतो. ५ सेकंदांपासून अर्ध्या तासापर्यंत न्यायला महिना-दीड महिना लागतो. आधी वेळ वाढवा, मग तुमचं अंतर, सगळ्यात शेवटी आजूबाजूची गडबड.

हीच ‘जागा’ पोरांच्या वेळी लागते. संध्याकाळी ती अंगणात पळायला लागली की कुत्रा पिंजऱ्यात, नाहीतर गोणपाटावर, दीड मीटर पट्ट्यानं बांधलेला आणि मोठं माणूस शेजारी. पोरांना एवढंच शिकवा : तो अंगावर आला तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात छातीशी घेऊन उभं राहायचं. लहान मूल आणि तो, दोघंच एका खोलीत कधीही नाहीत.

एक गोष्ट मात्र तुम्हीच नीट पाहून ठरवा. पळत्या पायांना सैल अंगानं, शेपूट हलवत दात लावणं हे वर सांगितलेल्या मार्गानं सुटतं. पण अंग ताठ होत असेल, नजर रोखली जात असेल, ताटलीपाशी किंवा झोपेतून उठवताना गुरगुरत असेल, किंवा त्याच्या चाव्यानं कुणाची कातडी फाटली असेल, तर आधी डॉक्टर. कंबर, कान, दात, गोचीडताप सगळं तपासून घ्या, कारण दुखणारा कुत्रा असाच वागतो. त्यानंतर वर्तनाचं काम जाणणारा प्रशिक्षक, घरी येऊन बघणारा. तोवर जाळीचा मझल, म्हणजे तोंडाला बांधायचं मुसकं, ज्यात तोंड उघडून धापता आणि पाणी पिता येतं असा. कापडाचा नको, त्यात धापता येत नाही. त्याची सवय आजपासूनच लावा, आतून पनीर चाटवत, रोज दोन-दोन मिनिटं. आणि दात लागून रक्त आलं, तर घरचाच आणि लस दिलेला कुत्रा असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.