काका, तुमची रास्पबेरी आणि वांगी एकाच कारणाने गेली नाहीत

नमस्कार काका,

तुमची कमेंट काल रात्री वाचली, पण घाईत दोन ओळी टाकण्यापेक्षा सकाळी नीट बसून लिहिते म्हटलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काका गुहागरच्या बाजूचे, दिवाळीनंतर त्यांनी महाबळेश्वरहून पिशवीतली सात रास्पबेरीची रोपं आणून परसात लावली, शेजारीच वांग्याचा वाफा. माझ्या लेखात 'रोपाने मान टाकली की धावत जाऊन पाणी ओतू नका' असं वाचून त्यांनी चार दिवस हात आवरला. रास्पबेरी कडेकडेने करपत गेली, वांगी तर हिरवीगार असतानाच मलूल झाली, मग घाबरून दोन वेळ पाणी सुरू केलं तरी रास्पबेरीची तीनच रोपं उरली आणि वांगी सगळी गेली. 'अर्धवट लिहून लोकांची रोपं मारू नका, वेळेवर पाणी दिलं असतं तर दोन्ही वाचलं असतं' असं काकांचं म्हणणं.

काका, अर्धवट हा शब्द मला मान्य आहे. तो लेख मी भर पावसात लिहिला होता, तेव्हा आमच्याकडे दापोलीच्या बाजूला जो तो मिरवेल नाहीतर सुपारीचं रोप सुकतंय म्हणून विचारत होता. जांभ्यात खड्डा खणून माती भरली की तो खड्डा म्हणजे घागरच होते, पाणी आत साचतं, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात, वर पान लोंबतं आणि लोक तहान लागली समजून अजून एक कळशी ओततात. त्या परिस्थितीत मी लिहिलेलं बरोबर होतं. पण नोव्हेंबरात नुकत्याच लावलेल्या रोपाला ते लागू नाही, हे लिहायला हवं होतं आणि मी लिहिलं नाही. तुमचं नुकसान झालं याचं मनापासून वाईट वाटतंय, लेखात आजच दुरुस्ती करते.

आता रास्पबेरी. कडा आधी करपल्या, पान कुरकुरीत झालं, म्हणजे बहुतेक मुळाला पाणी पोचलंच नाही. आणि नंतर तुम्ही दोन वेळ घातलंत तरी पोचलं नसणार, ते का ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मी जायफळाची चार कलमं लावली, रोज शिंपत होते, आळं कायम ओलं, तरी एक कलम वाळतच गेलं. शेवटी उपटलं तर पिशवीतल्या लाल मातीचा गोळा जसाच्या तसा, दगडासारखा. खोऱ्याच्या दांड्याने फोडला तर आत कोरडी भुकटी, मुळं गोल गोल गुंडाळलेली, बाहेरच्या ओल्या मातीत एकसुद्धा आलेलं नाही! पाणी गोळ्याच्या बाजूने खाली निघून जात होतं आणि रोप ओल्या आळ्यात तहानेने मेलं. तेव्हापासून मी कुठलंही रोप लावायच्या आधी पिशवीसकट बादलीत बुडवून ठेवते, बुडबुडे यायचे थांबले की काढते, पिशवी फाडून बाहेरची मुळं बोटांनी हलकी मोकळी करते, पिशवीत होतं तेवढंच खोल लावते, वरून दहा-बारा दिवस झापाची (विणलेल्या माडाच्या झावळीची) सावली आणि बुंध्यापासून चार बोटं सोडून पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा.

अजून एक मनापासून सांगू का, रास्पबेरी थंड हवेच्या ठिकाणचं फळ आहे. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर, तिथली हवा आणि आपल्या किनाऱ्यावरचं नोव्हेंबरचं ऊन यात रोपाने कसं तगायचं? लाल रास्पबेरीला फळ धरायला थंडीचे दिवस लागतात, ते आपल्याकडे नाहीत. जगलं तरी फळाची आशा फार धरू नका. सह्याद्रीत जी काळी रानटी रास्पबेरी होते तिला त्या मानाने उष्णता चालते, हौस असेल तर ती लावून बघा.

वांगी मात्र पाणी कमी पडून गेली नाहीत. पान पिवळं न पडता, हिरवं झाड दोन-तीन दिवसांत लोळतं, तो बहुतेक जिवाणूजन्य मर रोग. खात्री करायची तर मेलेल्या झाडाच्या बुंध्याजवळचा बोटभर लांब तुकडा स्वच्छ कापा, काचेच्या पेल्यात साधं पाणी घ्या आणि तुकड्याचं खालचं टोक पाण्यात बुडेल असा धरा, हलवू नका. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधाळ दोऱ्यासारखं खाली उतरायला लागलं तर तोच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण ते दुधाळ म्हणजे रोगाचे जिवाणूच, आणि तेच पाटाच्या पाण्याबरोबर पुढच्या झाडाकडे जातात. म्हणजे दोन वेळचं पाणी तिथे उलट रोग पसरवत होतं.

म्हणूनच तुमचं शेवटचं वाक्य वाचून हे उत्तर लगेच लिहायला घेतलं. त्याच वाफ्यात टोमॅटो लावणार म्हणता, कृपा करून लावू नका. टोमॅटो, मिरची, बटाटा सगळी एकाच कुळातली, जिवाणू जमिनीत वर्षानुवर्षं राहतो. मेलेली झाडं मुळासकट काढून जाळा, खतात टाकू नका, खोरं धुऊन ठेवा. तिथे दोन-तीन वर्षं मका किंवा वाल घ्या. वांगी हवीतच तर दुसऱ्या जागी अर्का केशव किंवा अर्का निधी लावा, बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेच्या या जाती मर रोगाला चांगल्या टिकतात.

उरलेल्या तीन रास्पबेऱ्यांना उद्या सकाळी सहाच्या सुमारास बघा. दुपारी लोंबलेलं पान पहाटे ताठ झालं असेल तर मूळ जिवंत आहे, नुसती सावली करा. पहाटेही लोंबलेलंच असेल तर बोट आळ्यात न घालता थेट पिशवीच्या गोळ्यात घाला, कोरडा लागला तर काडीने चार-पाच भोकं पाडून सावकाश, थांबत थांबत पाणी द्या. आणि विहीर खाडीच्या किती जवळ आहे तेही कळवा, पाणी मचूळ असेल तरी कडा अशाच करपतात. मेलेल्यातलं एखादं अजून टाकलं नसेल तर गोळा फोडून मुळांचा फोटो पाठवा, मी वाट बघते.