बाई, फी तेवढी काय तर कमी करा की!

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की बेळगावातल्या माझ्या गाण्याच्या क्लासला फोन यायला लागतात. गाणं कुठल्या घराण्याचं, पेटी आधी की गळा आधी, मूल किती वर्षांचं असावं, यातलं काही कुणी विचारत नाही. "म्हैन्याला किती घेता वो?" हा पहिला प्रश्न. आणि मला तो मुळीच खटकत नाही. संसार चालवणाऱ्याने पहिल्यांदा पैसेच विचारावेत. खटकतं ते पुढचं. आकडा सांगितला की "एवढे? तासाचंच तर काम!"

तर तासाचा हिशेब एकदा सगळ्यांसमोर करते. लाजायचं काही कारण नाही.

माझ्याकडे आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास, चार मुलांची बॅच. फी ८००. चौघांचे ३,२००, महिन्याचे तास आठ, म्हणजे तासाला ४०० रुपये. ऐकायला झकास वाटतं. आता दुसऱ्या बाजूने बघा. मुलं शाळेतून येऊन, खाऊन, मोकळी होतात पाचला. आठनंतर गणिताची शिकवणी नाहीतर जेवण. म्हणजे संध्याकाळचे तीनच तास माझ्या हातात. सोम-गुरु, मंगळ-शुक्र, बुध-शनि अशा तीन जोड्या धरल्या तर नऊ बॅच, छत्तीस मुलं. ही झाली कमाल मर्यादा. दिवसाचे बाकीचे तास कितीही रिकामे असले तरी विकता येत नाहीत, गिऱ्हाईक शाळेत असतं.

छत्तीस जागा कुणाच्याच भरत नाहीत. सत्तावीस मुलं धरा. झाले २१,६००. खोलीचं भाडं ६,०००, वीज, नेट, तबल्याची शाई, पेटीचा भाता आणि सूर लावून घेणं मिळून २,०००. एप्रिल-मे मध्ये निम्मी मुलं आजोळी आणि उरलेली समर कॅम्पला, म्हणजे कमाईचे महिने दहा. भाडं आणि बाकीचा खर्च मात्र बारा महिन्यांचा. वर्षाचे २,१६,००० आले, ९६,००० गेले, उरले १,२०,०००. महिन्याला दहा हजार. तासाला ४०० वाल्या बाईंची ही श्रीमंती.

म्हणून माझं म्हणणं असं की फी शिकवलेल्या तासाची नसते, राखून ठेवलेल्या जागेची असते. खानापूरच्या बसमध्ये सीट रिकामी गेली म्हणून डिझेल कमी लागत नाही. (कर्नाटकात बायकांना २०२३ पासून सरकारी बस फुकट आहे हे मलाही माहीत आहे, मीही त्यातूनच जाते. पण तिकिटाचे पैसे सरकार भरतं. फुकट म्हणजे दुसऱ्या कुणीतरी भरलेलं.)

हे एकदा पटलं की बाकीचे नियम आपोआप ठरतात. पैसे महिन्याच्या सुरुवातीला. मुलाचा खाडा झाला तर कपात नाही, कारण त्या संध्याकाळी ती जागा मी दुसऱ्याला दिलेली नव्हती. माझा खाडा झाला तर तास भरून देणार, तेही त्याच महिन्यात. गणपतीचे दिवस आणि शिवजयंतीच्या चित्ररथाची रात्र ही सुट्टी आधीच धरलेली. बेळगावात त्या दिवसांत मुलाला सा लावायला बसवणं म्हणजे पाप आहे, आणि त्या आवाजात सा ऐकूही येत नाही.

दोन भावंडं असली की "दुसऱ्याला निम्मी करा" हमखास येतं. नाही करत. दुसरं मूल मांडीवर बसून शिकत नाही, त्याला वेगळी जागा लागते. त्यापेक्षा तीन महिन्यांचे एकदम भरा, २,४०० च्या जागी २,२०० द्या. हे मला परवडतं, कारण एकरकमी आलेले पैसे मे महिन्याच्या भाड्याला कामी येतात. सवलत द्यावी तर अशी, जिच्यातून आपल्यालाही काही मिळतं.

एकट्याला शिकवायचं असेल तर ३,०००. इथे लोक दचकतात. पण एकटा बसला म्हणजे चार जागा त्याच्या. हिशेबाने ३,२०० व्हायला हवेत, मी दोनशे सोडलेत.

मग येतो भावनेचा मुद्दा. आपल्या भागात तो दोन तोंडांनी येतो. एक म्हणजे "आपली मराठी माणसं आहोत बाई, आपल्यातल्यांना तर सोडा." माझ्या क्लासात शहापूरच्या मराठी विणकराची मुलगी आणि सदाशिवनगरच्या कन्नड डॉक्टरचा मुलगा शेजारी बसतात. अभंगही शिकतात, दासरपदही, म्हणजे कन्नड संतांची पदं. यमन राग दोघांना सारखाच अवघड जातो. त्यात एकाला भाषेवरून सूट दिली तर दुसऱ्याच्या आईच्या नजरेला नजर कशी देऊ? बाहेरची पाटी कर्नाटकच्या नियमाप्रमाणे साठ टक्के कन्नड, आतला फीचा कागद दोन्ही भाषांत अर्धा-अर्धा, आणि आकडा एकच.

दुसरं तोंड म्हणजे संस्कृती. "कुमार गंधर्व सुळेभावीचे, पेटीवाले रामभाऊ विजापुरे इथलेच, असल्या मातीत गाण्याचा बाजार?" हे म्हणणारे बहुतेक वेळा स्वतःच्या मुलाला जेईईच्या क्लासला घालून आलेले असतात, तिथे मातीची आठवण होत नाही. असो. पण विषय निघालाच आहे तर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांकडे बघा. जन्म कुरुंदवाडचा, शिक्षण मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते दरबाराच्या तनख्यावर नाही, सामान्य लोकांच्या बळावर. गुरूच्या घरी पाणी भरून, लहर सांभाळून मिळणारी विद्या वर्गात बसून मिळायला लागली ती तेव्हापासून. मध्यमवर्गातल्या मुली गाणं शिकायला लागल्या त्यातही या वर्गांचा मोठा वाटा. आणि मुंबईत उभारलेली त्यांची संस्था शेवटी कर्जात बुडाली, इमारत हातची गेली. एवढ्या मोठ्या माणसालाही जमाखर्चाने सोडलं नाही, तिथे मला कोण सोडणार?

गुरुसेवेच्या काळात विद्या फुकट होती हेही अर्धंच खरं. शिष्य वर्षानुवर्षं राबत होता, ती फीच होती. फक्त पावती नव्हती.

फुकट शिकवू नये असं मी म्हणत नाही. दोन जागा मी तशा ठेवल्या आहेत. कुणाच्या त्या बाकीच्यांना माहीत नाही आणि माहीत होणारही नाहीत. पण त्या मी वर्षाच्या सुरुवातीला हिशेबात धरते. दारात उभ्या राहिलेल्या माणसाने चेहरा पाडला म्हणून भिडेपोटी शंभर कमी करणं वेगळं. त्यात गरजवंताचं भलं होत नाही, भलं होतं ते नेटाने घासाघीस करणाऱ्याचं. खरा गरजू बहुतेक वेळा काही न बोलता "बरं, विचार करून येतो बाई" म्हणून निघून जातो. त्याला मागून हाक मारावी लागते.

परीक्षांचं वेगळं सांगायला हवं. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा ही शिडी सगळ्यांना ठाऊक आहे. सीमेपलीकडच्या चंदगडकडून येणाऱ्या मुलांना महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे त्यांच्या पालकांना परीक्षेची घाई. ती घाई विकून खाणं सोपं आहे, "परीक्षा बॅच" म्हणून दीडपट फी लावली तरी लोक देतात. मी मंडळाची फी जेवढी तेवढीच घेते आणि पावती दाखवते. पेटी घ्यायला दुकानात पाठवून मधले पैसे खाणं तर मला चोरीच वाटते. आईबाप आपल्या भरवशावर वाद्य घेतात. भाता गळका निघाला तर पोराचा रियाज बंद आणि आपण कमिशन मोजत बसायचं?

"पुण्याच्या बाई ऑनलाइन शिकवतात, बेळगावात पुण्याचा दर कशाला?" असंही विचारतात. गंमत म्हणजे इथल्याच टिळकवाडीतून त्याच ऑनलाइन बाईंना पुण्याचा दर मुकाट्याने जातो. जाऊ दे. पण नेटवरून दोघांनी एकदम गाता येत नाही, आवाज मागे-पुढे पोचतो. माझ्यासमोर बसलेल्या मुलाचा गंधार, म्हणजे ग, चढा लागला तर त्याच क्षणी त्याच्या आवाजात आवाज मिसळून मी तो खाली आणते. म्हणून बॅच चारची. सहा केली तर फी ५५० करता येईल, आणि चढा गंधार कुणाचा तेही कळणार नाही.

२०२५ च्या जुलैत आपल्या कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या, तेव्हा बाजारातले क्यूआर कोड रातोरात गायब झाले. मला दोन शिक्षक मैत्रिणींनी सांगितलं, तूपण काढ. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. वरचा हिशेब पुन्हा वाचा, मी तिच्या आसपास तरी फिरकते का? कोड भिंतीवर तसाच आहे. उलट पावत्या असल्याने फी मागायला तोंड वाजवावं लागत नाही. "गेल्या म्हैन्याचे दिले नव्हं?" या वादाला मोबाइलच उत्तर देतो.

तर येत्या जूनपासून फी ९००. जुन्या मुलांना दिवाळीपर्यंत ८०० च, नंतर सगळ्यांना सारखी. खोलीचं भाडं वाढलंय, आणि हे मी एप्रिलमध्येच पालकांना कागदावर दिलंय. तबल्याची बॅच सुरू करायची का, याचा मात्र निर्णय झालेला नाही. शिकवायला येणारे दादा निपाणीहून येणार, त्यांचं जाणं-येणं धरून ते किती मागतात त्यावर आहे. त्यांनी अजून आकडा सांगितलेला नाही, लाजतायत.