किनवटचं जंगल आदिवासींनी संपवलं? मुद्देसूद उत्तर

उन्हाळा लागला की नांदेड-हिंगोलीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या जंगलाबद्दल त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वनहक्क कायद्याने आदिवासींना जंगल वाटून टाकलं, ते झाडं तोडून विकतात, मोहासाठी वणवे लावतात, अडाणी ग्रामसभांना जंगल सांभाळता येत नाही, तेव्हा सगळं वनखात्याला परत द्या.

‘जंगल वाटलं.’ साफ चूक. 2006 च्या कायद्यात आदिवासी कुटुंबाला हक्क मिळतो तो 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताब्यात असलेल्या जमिनीवर, तोही जास्तीत जास्त 4 हेक्टरवर. ती जमीन वारसाला जाते, विकता येत नाही. सामूहिक वनहक्क तर अख्ख्या गावाचा असतो, कुणा एकाच्या नावावर नसतोच.

‘झाडं तोडून विकतात.’ सरपण आणि घराला लागणारं लाकूड जंगलातूनच येतं, ते कुणी नाकारत नाही. पण सागाचे ओंडके रातोरात गाडीत भरून नेण्यासाठी गाडी लागते, पैसा लागतो, ठरलेलं गिऱ्हाईक लागतं. कोलाम आदिवासींच्या पाड्यावर यातलं काय आहे? गोंड, कोलाम, आंध घरांना मोहफुलं, चारोळी, डिंक मिळतो तो उभ्या झाडापासून, वर्षानुवर्षं.

वणव्याचा मुद्दा मात्र पूर्ण खोटा नाही, आणि तो झाकून चालणार नाही. मोहफुलं पहाटे गळतात. खाली पाचोळा असला की वेचताना सापडत नाहीत, म्हणून काही जण तो पेटवतात आणि आग पसरते. विडीसाठी लागणाऱ्या तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही आगी लावल्या जातात. पण यावर तोडगा काढणारेही गावकरीच आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हजारेक हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपानं तोडताना फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात, हे पाहून तिथल्या ग्रामसभेने हातचा पैसा सोडून तेंदूसंकलनच बंद केलं. मोहाखाली झाडून घेणं, जाळी अंथरणं हे उपाय किनवटमध्येही करता येतील.

‘अडाणी ग्रामसभा.’ गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरचा हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. बांबूचा व्यवहार गावाने स्वतः केला. दोन्ही गावं विदर्भातली आहेत, पण कायदा तोच आहे.

राहिलं ‘खात्याला परत द्या’. हा प्रयोग आपल्या मुलखात होऊन गेलाय. 1956 पर्यंत किनवट तेव्हाच्या हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. निजामाच्या वनखात्याने गोंडांच्या चराईवर, सरपणावर, शेतीवर बंधनं घातली. त्याच जिल्ह्यात गोंड नेते कुमरम भीम जल-जंगल-जमिनीसाठी लढले आणि 1940 मध्ये मारले गेले. ज्याला जंगलात पाऊल टाकल्याबद्दल दंड होतो, तो चोराला अडवायला कशाच्या जोरावर उभा राहील?

हा जोर 2006 च्या कायद्याचं कलम 5 देतं. जंगलाला, वन्यजीवांना बाधा आणणारं काम थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. किनवटमधली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात असल्याने, अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदाही तिथे लागू आहे. म्हणून मागणी करायचीच असेल तर ही करा: किनवट-माहूरमधल्या ज्या गावाचा सामूहिक दावा टेबलावर पडून असेल, तो निकाली काढा आणि हद्दीचा नकाशा त्या ग्रामसभेच्या हातात द्या.