दहा हजार तासांची खतावणी

तो मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. वर धावणाऱ्या माणसाची काळी सावली, खाली ठसठशीत अक्षरात "टॅलेंट नावाचं काही नसतं!", आणि मग एकेक मुद्दा, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. गेल्या काही वर्षांत तो मला निदान दहा वेळा आला आणि दहाही वेळा मी अंगठ्याने वर सरकवला. अकराव्यांदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी टाकला. त्याच दिवशी सकाळी भाच्याच्या एमआरआयचा रिपोर्ट आला होता. कमरेच्या मणक्यात डावीकडे ताणाने गेलेली बारीक चीर. पोराचं वय तेरा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी.

मेसेजखाली दाजींनी लिहिलं होतं, "चार महिने जातील, पण तास भरून काढू."

तास भरून काढू! म्हणून बसलो लिहायला.

दाजींचं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे. हिशोबाचा माणूस. पोरगं नऊ वर्षांचं असताना त्यांनी एक लाल कापडी बांधणीची वही घातली. तारीख, सकाळचे तास, संध्याकाळचे तास, पानाची बेरीज, "मागील पानावरून" पुढे. ताईने मला ती दाखवली तेव्हा शेवटची बेरीज ३,११२ होती. पुढे पेन्सिलीने वजाबाकी केलेली: बाकी ६,८८८. सिमेंटच्या गोण्यांची उधारी लिहावी तशी.

हा १०,००० आकडा आला कुठून? मेसेज म्हणतो, "विज्ञानाने सिद्ध झालंय, कोणत्याही खेळात १०,००० तास सराव केला की कोणीही चॅम्पियन." आता हे 'विज्ञान' नीट बघा. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. अभ्यास होता बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन वाजवणाऱ्यांचा. हो, व्हायोलिन. तीस वादक, दहा-दहाचे तीन गट. सगळ्यांत सरस दहा जणांनी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांच्या आसपास एकट्याने सराव केला होता. सरासरी! म्हणजे काहींचे तास जास्त, काहींचे कमी. त्या दहातल्या निम्म्यांनी दहा हजार गाठलेच नव्हते, हे एरिक्सननीच पुढे लिहिलं. आणि ती जगज्जेती माणसं नव्हती, शिकत असलेली विशीतली मुलं होती. २००८ मध्ये एका खपाऊ इंग्रजी पुस्तकाने त्या सरासरीचा 'नियम' केला, आणि एरिक्सन मरेपर्यंत सांगत राहिले की बाबांनो, मी असं म्हटलेलं नाही.

प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. एरिक्सन स्वतः मेहनतीच्याच पक्षाचे होते. उंची आणि शरीराची ठेवण सोडली तर जन्मजात गोष्टींना ते फारशी किंमत देत नसत. पण खेळात उंची आणि शरीराची ठेवण 'सोडली तर' उरतं काय? बुद्धिबळ?

पुढचं काम २०१६ चं. ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी तोपर्यंत खेळांवर झालेले असे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. दोन खेळाडूंच्या कामगिरीत जो फरक पडतो, त्यातला साधारण १८ टक्के सरावाच्या तासांशी जुळतो. अगदी वरच्या थरातल्या खेळाडूंपुरतं पाहिलं तर फक्त १ टक्का. याचा अर्थ वरच्या थराला सराव लागत नाही असा नाही (हे वाक्य कापून कोणी भलताच मेसेज बनवू नये म्हणून सांगतो). अर्थ एवढाच की तिथपर्यंत पोचलेल्या सगळ्यांनीच मरेस्तोवर सराव केलेला असतो. मग पहिला आणि आठवा यांतलं अंतर वहीतल्या बेरजेने सांगता येत नाही.

दोन उंच उडीवाले घ्या. स्वीडनचा स्टेफान होल्म लहानपणापासून बारवरून उड्या मारत मोठा झाला. उंची १.८१ मीटर, म्हणजे त्या खेळात बुटकाच. तरी २००४ ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्ण. दुसरा बहामाचा डोनाल्ड थॉमस. बास्केटबॉल खेळणारा पोरगा. २००६ च्या सुरुवातीला कॉलेजात मित्राशी लागलेल्या पैजेपायी त्याने पहिल्यांदा बार ओलांडला. पुढच्या वर्षी, २००७ च्या ऑगस्टमध्ये, ओसाकाच्या जागतिक स्पर्धेत २.३५ मीटर उडी मारून तो जगज्जेता झाला. होल्म चौथा. आता गंमत ऐका. त्यानंतर थॉमस वर्षानुवर्षं पूर्णवेळ सराव करत राहिला, आणि त्याची आयुष्यातली सर्वोत्तम उडी आहे २.३७, तीही २०१६ मधली. नऊ वर्षांत दोन सेंटिमीटर. तास भरले, बार हलला नाही.

होल्मकडे बोट दाखवून मेसेजवाले म्हणतील, बघा मेहनत! खरंय. थॉमसला ऑलिंपिक पदक कधी मिळालं नाही, होल्मला मिळालं. पण मेसेज 'मेहनतीने काही बुटकी माणसंही जिंकतात' असं म्हणत नाही. तो म्हणतो, "कोणीही."

आता सचिन. सचिनशिवाय आपल्याकडे असा मेसेज पुराच होत नाही. "सचिन फक्त मेहनतीने सचिन झाला." आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्यावर न्यायचे, पोरगं शिवाजी पार्कजवळ राहावं म्हणून काका-काकूंकडे ठेवलं, सगळं खरं. पण त्या नेटमध्ये सचिन एकटा नव्हता. कांबळी, अमरे, चंद्रकांत पंडित, पुढे आगरकर, पोवार हे भारताकडून खेळले. आणि ज्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत अशी कितीतरी मुलं त्याच उन्हात, त्याच सरांच्या शिव्या खात उभी होती. मेसेजवाल्यांना ती दिसत नाहीत, कारण त्यांचा फोटो कोणी छापत नाही.

आणि मेसेजमध्ये कधीच नसलेली गोष्ट मी सांगतो. सचिनला वेगवान गोलंदाज व्हायचं होतं. १९८७ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो चेन्नईला एमआरएफच्या गोलंदाजी अकादमीत गेला होता. तिथे शिकवणाऱ्या डेनिस लिलीने, ऑस्ट्रेलियाच्या जुन्या वेगवान गोलंदाजाने, त्याला पाहिलं आणि सांगितलं, तू फलंदाजीकडे लक्ष दे. दोनच वर्षांत, नोव्हेंबर १९८९ मध्ये, पोरगं कराचीत कसोटी खेळत होतं. लिलीने जर त्या दिवशी म्हटलं असतं की बाळा, टॅलेंट काही नसतं, दहा हजार तास टाक, तर? मुलाच्या शरीराकडे बघून 'हे नको, ते कर' म्हणणारा एक माणूस भेटला. दाजी, असा माणूस शोधायला हवा होता आपण, वही नाही.

जॉर्डन आणि बोल्ट पटकन उरकतो. मेसेज म्हणतो तसं बास्केटबॉलवाल्या मायकेल जॉर्डनला शाळेच्या टीममधून हाकललं नव्हतं. पंधराव्या वर्षी त्याला ज्युनिअर टीममध्ये ठेवलं, कारण वरच्या टीमला उंच मुलगा हवा होता. पुढे तो सहा फूट सहा इंच झाला. तेवढं वाढायला किती तास सराव लागतो, ते मेसेजवाल्याने कळवावं. आणि "बोल्टने नऊ सेकंदांसाठी चार वर्षं घाम गाळला" म्हणे. गाळला असेल. पण २००२ मध्ये किंग्स्टनला वीस वर्षांखालच्या मुलांच्या जागतिक स्पर्धेत २०० मीटर २०.६१ सेकंदांत धावून तो जिंकला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.

अविनाश साबळेबद्दल मात्र जरा थांबावं लागेल, कारण तिथे मेसेजने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. "बीडचा अविनाश रोज ६ किलोमीटर पायपीट करून शाळेत जायचा, म्हणून तो ऑलिंपिकला गेला." आष्टी तालुक्यात शाळेसाठी पायपीट केलेली किती पोरं असतील? त्यांतली किती ऑलिंपिकला गेली? आणि अविनाशने लहानपणी धावण्याचे तास मोजलेलेच नाहीत. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. सियाचीन, मग राजस्थान. धावण्याकडे वळला २०१५ मध्ये, सैन्याच्या क्रॉस कंट्रीत. स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची तीन हजार मीटरची शर्यत, तर २०१७ च्या सुमारास. आणि २०१८ मध्ये भुवनेश्वरला गोपाल सैनींचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडून मोकळा. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावून रौप्य, सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने. दहा हजार तासांचा नियम खरा असता तर हा माणूस अजून वहीच्या मध्यावर असायला हवा होता.

त्याने मेहनत केली नाही असं कोण म्हणेल? धावायला लागल्यावर तीन महिन्यांत वीस किलो वजन उतरवलेला माणूस आहे तो. मुद्दा असा की केलेल्या मेहनतीला शरीर किती दाद देतं, हेही प्रत्येकाचं वेगळं असतं. अमेरिकेत-कॅनडात ९० च्या दशकात कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन एक मोठा अभ्यास झाला. सगळ्यांना वीस आठवडे सारखाच सायकलचा व्यायाम. काहींची प्राणवायू वापरायची क्षमता मिनिटाला एक लिटरहून जास्त वाढली, काहींची जवळपास जागची हलली नाही. आणि हा फरक घराण्यागणिक जाणवत होता. एकच खत, वेगळी जमीन. शेतकऱ्याच्या नातवंडांना हे समजावून सांगावं लागतं म्हणजे कमाल आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, नाइलाजाने. 'टॅलेंट' या शब्दाने आपल्याकडे पुष्कळ पोरांचं, त्याहून जास्त पोरींचं वाटोळं केलंय. "आपल्यात नाही ते" म्हणून पहिल्याच वर्षी बसवून टाकायचं. आणि बाराव्या वर्षी निवड चाचणीत ज्याला टॅलेंट म्हणतात, ते बऱ्याचदा लवकर फुटलेली मिसरूड असते. जानेवारीत जन्मलेला पोरगा डिसेंबरवाल्यापेक्षा वर्षाने थोराड, म्हणून तो निवडला जातो. या आंधळेपणावर मेसेजवाल्याचा राग असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. पण त्यावरचा उपाय थांबून वाट बघणं हा आहे. पाचव्या वर्षापासून मीटर चालू करणं नव्हे.

आणि आता शेवटची ओळ, जिच्यामुळे माझं डोकं फिरलं: "तुमचं मूल मागे पडत असेल तर दोष टॅलेंटचा नाही, तुमच्या आणि त्याच्या आळसाचा आहे."

आळस. हे पोरगं पहाटे पाचला उठायचं. अकादमीत दीड तास, शाळा, परत संध्याकाळी दोन तास, रविवारी मॅच. गेल्या दिवाळीपासून वाकताना कंबर धरत होतं. तिथल्या सरांनी सांगितलं, "स्नायू आहे, चालू ठेव, निघून जाईल." वेगवान गोलंदाजीत चेंडू सोडताना पुढचा पाय आपटतो आणि धड एका बाजूला वाकून वळतं. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा ताण कमरेच्या डाव्या बाजूच्या हाडावर येतो. वाढीच्या वयात ते हाड पुरतं पिकलेलं नसतं. हाच ताण बुमराहसारख्या तयार माणसालाही २०१९ मध्ये घरी बसवून गेला. म्हणून तर इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने मुलांनी वयानुसार किती षटकं टाकायची यावर मर्यादा घातलीय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सांगितलं की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नका, आणि वर्षातले तीन महिने, एकेक करून का होईना, त्या खेळातून सुट्टी द्या. भाच्याच्या वहीत चार वर्षांत एकही पान कोरं नव्हतं. दिवाळीच्या दिवशीही दीड तास.

पोराला मी विचारलं, दुखतंय हे आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, "मामा, पप्पांचा आकडा राहिला असता."

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं नाही, दाजींना भेटून सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, खिळे तोलता तोलता ऐकत होते. वाद घातला नाही, मेसेज मात्र संध्याकाळी काढून टाकला. परवा ताईकडे गेलो तर ती लाल वही टीव्हीच्या कपाटात होती. चाळली. एमआरआयच्या तारखेला रेघ मारलेली, खाली बेरीज नाही. पण दोन दिवसांनी परत नोंदी सुरू: "फिजिओ ४० मि.", "पोहणे ३० मि.", एका ओळीत नुसतं "झोप ९ तास".

दाजी मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "हे धरायचे का रे?"

धरा म्हटलं. झोपेचे पहिले धरा.