सिद्धांत : फक्त बाह्य उपयोगासाठी

इंटर्नशिप संपायला चार दिवस उरलेत, अहवालातलं तिसरं प्रकरण कोरं आहे आणि त्या प्रकरणाचं नाव आहे ‘जनसंपर्क सिद्धांतांचे उपयोजन’. घाबरू नका. आठ आठवडे तुम्ही एक्सेलमध्ये बातमीदारांचे नंबर भरलेत, वर्तमानपत्रांची कात्रणं काढलीत आणि ‘सर, मेल मिळाला का?’ हे एकच वाक्य निरनिराळ्या सुरांत म्हटलंत, हे मला ठाऊक आहे. मीही तेच केलं होतं. पुढे टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसून बरीच वर्षं अशा अहवालांवर सह्याही केल्या. त्यामुळे सिद्धांत नेमका कुठे लावायचा, हे माझ्याकडून ऐकायला हरकत नाही.

तो अहवालाला लावायचा. कामाला नाही. मलमाच्या नळीवर लिहिलेलं असतं ना, ‘फक्त बाह्य उपयोगासाठी’, तसंच हे. वरून चोळलं तर चकाकी येते, पोटात गेलं तर उलट्या होतात, आणि त्या तुमच्या मॅनेजरला होतात.

सुरुवात ग्रुनिग आणि हंट या अमेरिकी अभ्यासकांपासून करा, कारण सगळेच तिथून करतात. १९८४ साली या दोघांनी जनसंपर्काची चार प्रारूपं मांडली. पहिलं म्हणजे निव्वळ गाजावाजा. खरं-खोटं नंतर पाहू, आधी नाव झालं पाहिजे. याचा मूळपुरुष म्हणून सर्कसवाल्या बार्नमकडे बोट दाखवतात. दुसरं सार्वजनिक माहितीचं. खरी माहिती द्यायची, पण एकाच दिशेने. तिसरं द्विमार्गी असममितीय, म्हणजे लोकांचं ऐकायचं ते त्यांना पटवायचं कसं हे कळावं म्हणून. आणि चौथं द्विमार्गी सममितीय. इथे दोन्ही बाजू ऐकतात आणि गरज पडली तर संस्थाही बदलते.

आता तुमच्या आठ आठवड्यांकडे प्रामाणिकपणे पाहा. एक प्रसिद्धिपत्रक, तीनशे मेल, एकही उत्तर नाही. हे कुठलं प्रारूप? बरोबर, पण ते लिहायचं नाही. अहवालात लिहायचं, ‘संस्थेने द्विमार्गी सममितीय संवादाचा अवलंब केला.’ चौथं प्रारूप साधारण १५ टक्के संस्था वापरत असाव्यात, असा खुद्द ग्रुनिग आणि हंट यांचा त्या वेळचा अंदाज होता. माझ्या सहीसाठी आलेल्या अहवालांत मात्र त्याखालचं प्रारूप वापरणारी एकही संस्था मला भेटली नाही. दुसरी दिशा कुठली, असं परीक्षकांनी विचारलंच तर सांगा, मेल परत आले होते. काही पत्ते चुकीचे होते, त्यामुळे ते खोटंही नाही.

मात्र एक धोका आधीच सांगून ठेवतो. चौथं प्रारूप वाचून भारावलेला एखादा विद्यार्थी खरंच बैठकीत बोलून बसतो. मी बसलो होतो. ग्राहकांच्या तक्रारी एकाच गोष्टीबद्दल येत होत्या आणि आपण त्यावर पत्रक काढण्याऐवजी ती गोष्टच दुरुस्त करावी, असं मी सुचवलं. खोलीत शांतता पसरली. जनसंपर्काचं काम लोकांचं मत बदलणं, कंपनी बदलणं नव्हे, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. मग मॅनेजर फार प्रेमाने म्हणाले, ‘छान मुद्दा आहे, इतिवृत्तात घे.’ इतिवृत्त लिहिणारा मीच होतो. वाचणारा कोणी नव्हता.

कामाला सिद्धांत लावून दाखवणारी माणसं झालीच नाहीत, असं नाही. एडवर्ड बर्नेज हा अमेरिकी जनसंपर्कातला आद्य माणूस, मनोविश्लेषणाच्या जनकाचा, फ्रॉइडचा भाचा. तंबाखू कंपनीला बायकांनी रस्त्यात उघडपणे सिगारेट ओढायला हवी होती, तर हा थेट एका मनोविश्लेषकाला विचारायला गेला. तिथून कळलं की सिगारेट म्हणजे स्वातंत्र्याची मशाल. मग १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर तरुणींनी मशाली पेटवल्या आणि त्याची बातमी झाली. संशोधन झालं, जनसमुदाय ओळखला गेला, संदेश पोचला. वर्गात शिकवतात ते सगळं यात आहे. फक्त लोकांच्या छातीत काय गेलं, हा प्रश्न अभ्यासक्रमात वेगळ्या पेपराला आहे. नीतिमत्तेचा तो पेपर बहुधा ऐच्छिक असतो.

संशोधनावरून आठवलं. जॉन मार्स्टन यांनी १९६३ साली कामाचा क्रम घालून दिला: संशोधन, कृती, संवाद, मूल्यमापन. प्रत्यक्षात आधी संवाद होतो, कारण पत्रक कालच जायला हवं होतं. कृती कंपनीच्या मर्जीने होते किंवा होत नाही. मूल्यमापन म्हणजे साहेबांचा चेहरा. आणि संशोधन होतं ते अहवाल बांधायला टाकण्याच्या आदल्या रात्री. आकृती काढताना बाणांची दिशा तेवढी उलटी करा.

पत्रकाकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण संपूर्ण इंटर्नशिपमध्ये तुमच्या हातून खरोखर घडलेली वस्तू हीच. आयव्ही ली या अमेरिकी जनसंपर्कवाल्या गृहस्थाने १९०६ साली आपली तत्त्वं जाहीर केली होती. आमचं काम उघड चालेल, माहिती अचूक असेल, पत्रकारांना काही तपासून पाहायचं असेल तर आम्ही मदत करू, असा त्याचा मथितार्थ. त्याच वर्षी ॲटलांटिक सिटीजवळ रेल्वेचे डबे पुलावरून पाण्यात कोसळले, तेव्हा रेल्वे कंपनीच्या वतीने त्याने आपणहून वर्तमानपत्रांना निवेदन दिलं. पहिलं प्रसिद्धिपत्रक म्हणून आजही त्याचाच दाखला देतात. म्हणजे ज्या प्रकाराची सुरुवात लपवालपवी थांबवण्यासाठी झाली, तो तुमच्यापर्यंत येईतो ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला’ इथवर पोचला. कार्यक्रम निरुत्साहात संपन्न झाल्याचं पत्रक मी आजतागायत पाहिलेलं नाही. कार्यक्रम होण्याआधीच उत्साहात संपन्न झाल्याची पत्रकं मात्र मी स्वतः लिहिली आहेत.

त्यात एक अवतरण लागतं. संचालकांचं. संचालक काही बोललेले नसतात, त्यांना कार्यक्रम कुठला हेही नीट आठवत नसतं. ते अवतरण तुम्ही लिहायचं. ‘हा उपक्रम जाहीर करताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे.’ त्यांना आनंद किती झाला, हे ठरवणं सर्वस्वी तुमच्या हातात असतं. वीस वर्षांच्या मुलाच्या हाती एवढा अधिकार दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात येतो, सांगा.

पत्रक गेलं की फॉलोअप. इथे ग्रुनिगचाच दुसरा सिद्धांत कामी येतो, जनसमुदायांचा. प्रश्न जाणवतो का, वाटेत अडचणी किती दिसतात आणि माणूस त्यात किती गुंतलेला आहे, या तिन्हींवरून सुप्त, जागरूक आणि सक्रिय असे गट पडतात. तुम्ही पान सुटायच्या वेळी बातमीदाराला फोन करता. फोनआधी तो सुप्त असतो. पहिल्या फोनला जागरूक होतो. त्याच दुपारी तिसरा फोन केलात की पूर्ण सक्रिय होतो आणि तुमचा नंबर ब्लॉक करतो. सिद्धांताचा इतका स्वच्छ पडताळा ग्रंथालयात बसून मिळायचा नाही, तेव्हा अहवालात हे अवश्य घ्या. फक्त ‘ब्लॉक’ऐवजी ‘माध्यम-संबंध दृढ झाले’ असं म्हणा.

बातमी लागली तर पुढची पायरी मोजमाप. ही माझी सगळ्यांत आवडती. कात्रणावर पट्टी ठेवायची, लांबी-रुंदीचा गुणाकार करायचा, त्या जागेत जाहिरात दिली असती तर किती पैसे पडले असते ते काढायचं. त्या रकमेला जाहिरात-समतुल्य मूल्य म्हणतात. मग जाहिरातीपेक्षा बातमीवर लोकांचा विश्वास जास्त म्हणून आलेल्या आकड्याला तीनने गुणायचं. तीनच का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ‘क्लायंट मोठा असेल तर पाचने,’ असं उत्तर मिळालं. २०१० साली मोजमापवाल्यांनी बार्सिलोनात जमून स्पष्ट ठरवलं की हे मूल्य म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. लोकांच्या माहितीत, मतात, वागण्यात काय फरक पडला ते बघा. ही बार्सिलोना तत्त्वं तुम्ही दुसऱ्या प्रकरणात सविस्तर लिहालच. लिहा. पाचव्या प्रकरणात समतुल्य मूल्याचा तक्ताही लावा. मध्ये निदान चाळीस पानं राहतील एवढं पाहा.

आमच्याकडे एकदा क्लायंटवर सणसणीत टीका करणारी बातमी पहिल्या पानावर, चार कॉलम लागली. महिनाअखेरीला तिचीही पट्टीने मापं घेतली गेली. पहिल्या पानाचा दर जास्त असतो. त्या महिन्याइतकं मूल्य आम्ही क्लायंटला पुन्हा कधीही मिळवून देऊ शकलो नाही.

संकट-संवादाचं प्रकरण सक्तीचं असतं आणि त्यात टायलेनॉल या वेदनाशामक गोळीचा किस्सा सक्तीचा. १९८२, शिकागो, गोळ्यांत कोणीतरी सायनाइड घातलं, सात माणसं गेली, कंपनीने सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या बाजारातून मागे घेतल्या. एवढं लिहून झाल्यावर स्वतःच्या संकटाकडे वळा. ते बहुधा असं असतं: तुम्ही पत्रक तीनशे जणांना पाठवलं आणि त्यात ‘इथे सरांचं काहीतरी छान वाक्य टाकणे’ ही ओळ तशीच राहिली.

संकट-संवादाचे अभ्यासक कूम्ब्स यांच्या वर्गवारीनुसार आधी जबाबदारी कुणाच्या पदरात पडते ते ठरवायचं: संस्था स्वतःच बळी आहे, अपघात झाला, की टाळता आलं असतं. मग बेन्वा या दुसऱ्या अभ्यासकाची १९९५ ची प्रतिमा-दुरुस्तीची यादी काढायची. नाकारा, जबाबदारी टाळा, चूक किरकोळ भासवा, दुरुस्ती करा, माफी मागा. मी त्या यादीतून क्रमाने गेलो. मी पाठवलंच नाही, म्हटलं. पाठवणाऱ्याच्या जागी माझंच नाव होतं. घाई होती, म्हटलं. कोण वाचतंय एवढं, असंही म्हटलं, आणि हे मी जनसंपर्क एजन्सीत उभं राहून म्हणत होतो. माफीपर्यंत पोचेस्तोवर मॅनेजर जेवायला निघून गेले होते. यादी शेवटाकडून वाचायला सुरुवात केली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण सिद्धांत उलटा वाचून चालतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

उरलेली पानं सहज भरतील. मॅककॉम्ब्स आणि शॉ यांचा १९७२ चा कार्यसूची-निर्धारणाचा शोधनिबंध एका परिच्छेदात आणा. माध्यमं लोकांना काय विचार करावा हे फारसं सांगू शकत नसली तरी कशाबद्दल करावा हे ठरवतात, एवढं लिहून खाली संस्थेच्या पेजवरचा फोटो चिकटवा. त्याला मिळालेल्या लाइक्सपैकी निम्मे कर्मचाऱ्यांचे आहेत, हे फोटोत दिसत नाही.

आता फक्त प्रमाणपत्र. शेवटच्या दिवशी मॅनेजरकडे मागायला जाल, तेव्हा ते स्क्रीनवरची नजर न हटवता म्हणतील, ‘तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.’ गडबडून जाऊ नका; आठ आठवडे तुम्ही याचीच तयारी करत होतात. लेटरहेड घ्या. ‘सिद्धांताची उत्तम जाण’, ‘संवादकौशल्य’, ‘संकटकाळी संयम’ हे येऊ द्या. सुरुवात हात आपसूक करतो: ‘हे प्रमाणपत्र देताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे.’

माझ्या मॅनेजरांनी तो कागद एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. आठ आठवड्यांत माझं काहीतरी त्यांनी पूर्ण वाचलं ते तेवढंच. मग पेन उचललं, ‘अत्यंत’वर काट मारली आणि म्हणाले, ‘पुन्हा प्रिंट काढून आण.’